उशिराचे दहा टक्के

ऑगस्टचा तिसरा सोमवार, खोली एकशे चौदा.
मी कागद वाटते : अमेरिकन शासनव्यवस्था, बारावी.
अपेक्षा, पान एक.
चाचण्यांना चाळीस, निबंधांना तीस,
वर्गात तोंड उघडण्याला वीस,
उरलेले दहा वहीला.
वही म्हणजे वही, फोनमधला फोटो नव्हे.
उशिरा आलेल्या कामाचे दिवसाला दहा टक्के कापले जातील.
खाली रेघ. विद्यार्थ्याची सही. पालकांची सही.

बावीस वर्षं हाच कागद.
वरचं साल तेवढं बदलतं,
आणि मध्ये कधीतरी फॅक्सबद्दलची ओळ गळाली.

ओडालिस बार्रियेंतोसच्या कागदावर
दोन्ही सह्या एकाच गोलसर वळणाच्या.
मला दिसलं. मी फाइलला लावून टाकला.
आई मांसाच्या कारखान्यात दिवसपाळीला,
अठरा पुरी झाल्यापासून ही रात्री तिथलीच यंत्रं धुते.
तिच्या निबंधांना ब्लीचचा वास येतो.
कॅन्ससच्या या टोकाला
वारा दक्षिणेचा असला की सगळ्या गावालाच कारखान्याचा वास येतो,
पण तो वेगळा.

हात वर केला लायल डायट्झनं,
खताच्या दुकानवाल्यांचा धाकटा,
ज्याचं काम आयुष्यात कधी उशिरा आलं नाही.
"मिस ओस्टरगार्ड, सुनावणी न घेता शिक्षा चालते का?"
म्हटलं, नोटीस दिली होती, खाली तुझी सही आहे.
"सही न करायची सोय होती?"
पंख्याची घरघर ऐकू आली.
मी हजेरीपटात त्याच्या नावापुढे दोन गुण टाकले,
तोंड उघडण्याचे. पैकीच्या पैकी.

मग मीच म्हटलं, घ्या मतदान.
पाचवा धडा नुकताच झाला होता, दुरुस्ती कशी होते त्याचा.
पटावर चोवीस, दोन तृतीयांश म्हणजे सोळा.
गुरुवारी हात मोजले. पंधरा.
पुन्हा मोजले, कारण लायलनं मोजायला लावले.
ओडालिस आली नव्हती, डबल पाळी होती.
"ती असती तर 'हो'च म्हणाली असती."
"गैरहजरांचं मत धरत नाहीत,"
मी म्हटलं, ज्या आवाजात नववा धडा शिकवते त्याच आवाजात.

शुक्रवारी ती आली, तीन दिवस उशिराचा निबंध घेऊन.
प्रश्न माझाच होता : सरकार कोणाच्या संमतीनं चालतं?
पहिला परिच्छेद पुस्तकातला, जरा पसरट.
दुसऱ्याची पहिली ओळ :
ज्यांना मंगळवारी दुपारी सुट्टी मिळते, त्यांच्या.

रविवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. सूप निवलं.
माझ्याकडे हिरवं पेन आहे;
लाल रंगानं मुलं खचतात, असं एका कार्यशाळेत सांगितलं होतं.
हिरव्यानं वजाबाकी तीच येते.
एकोणनव्वदमधून तीस गेले, एकोणसाठ.
साठाला पास.

कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, निवाडा करणारा तिसरा :
फळ्यावर तीन चौकोन काढून
त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला मी दोन आठवडे घेते.
इथे टेबलाशी तिघंही एकाच स्वेटरमध्ये बसलेत
आणि स्वेटरच्या कोपराला भोक आहे.
एक गुण टाकला तर कोणाला कळणार आहे?
मला. आणि लायलला विचारलं तर तो म्हणेल,
एकीला दिलेली सूट म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे.
मीच शिकवलंय त्याला. तिसरा धडा.

सोमवारी घंटा व्हायच्या आत तिला दारात गाठलं.
जाकिटाची चेन अर्धी लागलेली, डोळे चुरचुरणारे.
निबंध माझ्या पिशवीत, वरचा कोपरा अजून कोरा.
विचारलं, गुरुवारी असतीस तर मत काय दिलं असतंस?
तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"याला मार्क आहेत का?"